कौले परतावी की वासे बदलावे?

मृगाचा पाऊस पेडणे-डिचोलीच्या डोंगरांवर येऊन थडकण्यापूर्वी गोमंतकातील प्रत्येक कौलारू घरात एक प्रश्न निघतो. यंदा नुसती कौले परतून भागेल, की वासे बदलावे लागतील? कौले परतणे हे चार गड्यांचे दोन दिवसांचे काम. वासे बदलणे म्हणजे सुतारास बोलावणे, लाकूड आणणे, घर आठ-पंधरा दिवस उघडे टाकणे आणि गाठीचे पैसे मोडणे. गंमत अशी की, ओसरीवर बसलेल्या माणसाच्या अंगावर जो थेंब पडतो तो दोन्ही वेळी सारखाच असतो. फुटक्या कौलातून आलेला थेंब कोणता आणि कुजलेल्या वाशावरून ओघळलेला कोणता, हे थेंबाकडे पाहून समजत नाही. त्यासाठी कोणास तरी शिडी लावून वर चढावे लागते. जो चढत नाही, तो एक तर दरवर्षी कौलेच परतत राहतो आणि एके रात्री आढे खाली येते. किंवा शेजाऱ्याने घर नवे केले म्हणून आपले धडधाकट वासे विनाकारण उतरवून टाकतो.

आजच्या लेखाचा विषय मात्र घरबांधणी नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या समाजातील अनेकांच्या व्यवसायास आणखी एक घर लाभले आहे. खानावळ असो, मंगल कार्यालय असो, दवाखाना असो वा लोणची-पापडांचा घरगुती उद्योग असो, त्याचे एक संकेतस्थळ असते. ते एकदा कोणाकडून तरी करवून घेतले जाते आणि मग, देव्हाऱ्यातील टाकाप्रमाणे, ते आपल्या जागी आहे एवढ्यावर समाधान मानले जाते. या घराची शाकारणी केव्हा करावी व ते पाडून नवे केव्हा बांधावे, हा प्रश्न अलीकडे आमच्यासमोर एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या निमित्ताने आला. त्यावर जो विचार झाला तो आमच्या वाचकांच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. जगातील पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत उभे केले व ६ ऑगस्ट १९९१ रोजी त्यांनी त्याची वार्ता बाहेरच्या जगास दिली. आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेटची सोय सर्वसामान्यांस खुली केली. तेव्हापासून आजवर संकेतस्थळाची तुलना दुकानाच्या पाटीशी करण्याची रीत पडली आहे. तुलना बरी आहे. पण तिच्यात एक फसगत आहे. दुकानाची पाटी मालक रोज सकाळी दुकान उघडताना पाहतो. रंग उडाला, अक्षर पुसले, खिळा निघाला, हे त्याच्या नजरेस पडते. संकेतस्थळ मालक कधीच पाहत नाही, कारण आपला पत्ता आणि आपले दर त्याला पाठ असतात. ते पाहते गिऱ्हाईक, आणि त्यास जे हवे ते सापडले नाही तर ते एक शब्दही न बोलता निघून जाते. दुकानाच्या पायरीवरून परत फिरलेला माणूस निदान दिसतो, त्यास हाक मारता येते. येथे परत फिरलेल्याची पाठसुद्धा दिसत नाही. म्हणून बिघडलेल्या संकेतस्थळाचे नुकसान वर्षानुवर्षे चालू राहते आणि दोष मात्र मंदीला, हवामानाला नाहीतर दैवाला दिला जातो.

आता आमच्या प्रदेशाकडे वळू. पेडणे आणि डिचोली हे गोमंतकाच्या उत्तरेकडील, नव्या काबिजादीतील महाल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेले हे भाग दीर्घकाळ शांत, शेतीवर जगणारे आणि पणजीपासून मनाने दूर असे होते. त्यांच्या नशिबी गेल्या काही वर्षांत एकामागून एक स्थित्यंतरे आली. पेडण्यात मोपा येथील पठारावर नवा विमानतळ झाला. त्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी होऊन त्यास मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमाने उतरू लागली. दाभोळीचा जुना विमानतळही चालूच राहिला. एका चिमुकल्या राज्यात दोन विमानतळ झाले. एकाचे सांकेतिक नाव जीओआय, दुसऱ्याचे जीओएक्स. दक्षिणेत उतरलेल्या माणसास हरमल किंवा केरी गाठण्यास दोन तासांच्या आसपास लागतात. मोपास उतरला तर पाऊण तासात तो समुद्रापाशी असतो.

या एका घटनेने हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवरील किती संकेतस्थळे एका रात्रीत जुनी झाली असतील, याचा वाचकांनी विचार करावा. ‘जवळचा विमानतळ दाभोळी, अंतर साठ किलोमीटर’ हे वाक्य ४ जानेवारीस खरे होते, ५ जानेवारीस खोटे झाले. तेच रस्त्यांचे. राष्ट्रीय महामार्ग १७ या नावाने आम्ही ज्यास ओळखत होतो, त्याचा क्रमांक २०१० च्या पुनर्रचनेत ६६ झाला. मांडवीवरील तिसरा पूल जानेवारी २०१९ मध्ये खुला झाला, झुआरीवरील नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये. संकेतस्थळावरील एक अक्षरही हलले नाही आणि तरीही ते चुकीचे झाले, कारण त्याच्या भोवतालचे जग हलले. जुने होणे याचा पहिला अर्थ हा आहे. रंग, आकार, अक्षरांची वळणे हा भाग त्यानंतरचा.

डिचोलीचे स्थित्यंतर याहून कठीण. या तालुक्याचा संसार खनिजावर उभा होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मध्यंतरी ते काही काळ सुरू झाले. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्या वर्षीच्या मार्चपासून यंत्रे पुन्हा थांबली. ज्या घरांत खनिजवाहू ट्रक होते, त्या घरांनी अंगणात उभ्या ट्रकांवर गंज चढताना पाहिला. त्यांपैकी एक घर आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे. ट्रक विकून आणि बँकेचे देणे कसेबसे फेडून, त्याच्या मातोश्रींच्या माहेरकडील पेडणे तालुक्यातील किनाऱ्याजवळच्या जागेत त्यांनी पर्यटकांसाठी सहा खोल्या बांधल्या. २०१४ साली एका शहरातील व्यावसायिकाकडून संकेतस्थळ करवून घेतले. त्यावर घराचे पोट आहे. हौसेचा अथवा दिमाखाचा प्रश्न येथे नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर खोल्या भरतील, अशी त्या कुटुंबाची स्वाभाविक अपेक्षा होती. खोल्या भरल्याही, पण त्या मोठ्या मध्यस्थ कंपन्यांमार्फत, ज्या खोलीच्या भाड्यातून पंधरा-वीस टक्क्यांच्या घरात दलाली घेतात. स्वतःच्या संकेतस्थळावरून येणारे पाहुणे जवळजवळ थांबलेच. मुलाने चौकशी केली, तेव्हा एका व्यावसायिकाने सारे संकेतस्थळ मोडून नवे करण्याचा सल्ला दिला व त्याची जी रक्कम सांगितली तीत एका खोलीचे छप्पर नवे झाले असते. घरातील दुसऱ्या एका जाणत्याने सांगितले की, काही एक करू नये, चालले आहे ते ठीक आहे. दोन टोकांच्या दोन सल्ल्यांमध्ये सापडलेला तो मुलगा आमच्याकडे आला. आम्ही मराठीचे अध्यापक. यंत्रविद्येतले आम्हांस काय कळणार? परंतु निबंध तपासण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. काही निबंधांत शुद्धलेखन सुधारले की काम भागते, काहींत परिच्छेद मागे-पुढे करावे लागतात आणि काही निबंधांखाली ‘विषय सुटला आहे, पुन्हा लिहा’ असा शेरा मारण्यावाचून गत्यंतर नसते. कोणता शेरा कोठे मारावा, हे ठरविण्यास संगणकाची पदवी लागत नाही. तो निबंध कोणासाठी लिहिला आहे आणि वाचणाऱ्यास तो कळला की नाही, एवढे पाहावे लागते.

म्हणून आम्ही एकच गोष्ट सुचविली. त्या ठिकाणी येणारे दूरध्वनी त्याच्या मातोश्री घेतात. त्यांनी एक वही घालावी आणि पंधरा दिवस, फोन करणारा माणूस पहिला प्रश्न कोणता विचारतो, तेवढेच तीत लिहावे. मातोश्री म्हणाल्या, “लिहायला कशाला हवे? सगळे तेच तेच तर विचारतात.” त्यांच्या या उद्गारातच अर्धे उत्तर होते. गिऱ्हाईक जो प्रश्न पुन्हा पुन्हा फोनवर विचारते, त्याचे उत्तर संकेतस्थळावर एक तर नाही, असून सापडत नाही किंवा सापडूनही त्यावर विश्वास बसत नाही.

वही भरली. प्रश्नांची रास मोठी, पण जाती थोड्या. मोपाहून किती लांब आणि टॅक्सी मिळेल काय, हा पहिला. भाडे किती, हा दुसरा. समुद्र चालत जाण्याजोगा आहे काय, हा तिसरा. जेवणाची सोय आहे काय, शाकाहारी मिळेल काय, वृद्ध आई-वडिलांस जिने चढावे लागतील काय, हे त्यामागोमाग. या वहीचा आणि संकेतस्थळाचा ताळा घालून पाहिला तेव्हा दोष तीन प्रकारांत वाटले गेले.

पहिला प्रकार, माहिती चुकीची. विमानतळ, महामार्ग, बंद पडलेला एक दूरध्वनी क्रमांक. ही फुटकी कौले. ती बदलण्यास घर पाडावे लागत नाही.

दुसरा प्रकार, माहिती दडलेली. भाड्याच्या जागी ‘दरांसाठी संपर्क साधावा’ असे छापले होते. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचा हा प्रकार आपल्या लोकांत फार. खोल्या भाड्याने द्यावयाच्या आणि भाडे सांगावयास संकोचावयाचे! दर हंगामाप्रमाणे बदलतात हे खरे, पण पावसाळ्यातील दर, एरवीचे दर आणि नाताळचे दर अशा तीन ओळी लिहिण्यास काही हरकत नसते.

तिसरा प्रकार मात्र निराळा निघाला. ही चुकीची माहिती दुरुस्त करावयास गेल्यावर असे आढळले की, घरातील कोणासही संकेतस्थळावरील एक अक्षर बदलता येत नाही. ते करणाऱ्या व्यावसायिकासच ते शक्य, आणि तो प्रत्येक वेळी वेगळे पैसे मागणार व सवडीने करणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाहुण्यांच्या लाभाची ही गोष्ट त्याच दिवशी सांगता यावयास हवी होती. मालक असे बदल स्वतः करू शकत नसेल तर त्याचे घर भाड्याचेच म्हणावयाचे. याहून गंभीर बाब पुढे निघाली. संकेतस्थळाचे नावच त्या व्यावसायिकाच्या नावे नोंदलेले होते. जमीन आपली, राबणारे हात आपले, आणि एक-चौदाचा उतारा पाहावा तर तिसऱ्याच इसमाचा! वाचकांपैकी ज्यांचे संकेतस्थळ असेल त्यांनी आजच्या आज हा उतारा पाहावा, ही आमची आग्रहाची विनंती. तो दुसऱ्याच्या नावे असेल तर इतर सर्व सुधारणा बाजूस ठेवून प्रथम तो आपल्या नावे करून घ्यावा.

वासे कुजले आहेत हे ओळखण्याच्या आणखी काही खुणा आहेत. पहिली खूण मोबाइलची. एक संकेतस्थळ मोठ्या पडद्यावर एक रूप घेईल व लहान पडद्यावर त्यास साजेसे दुसरे, ही कल्पना ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये एका लेखात मांडली व ती पुढे सर्वमान्य झाली. गूगलने २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरील शोधात मोबाइलला अनुकूल पानांस वरचे स्थान देण्यास प्रारंभ केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर तर आपल्या देशातील खेडोपाडीचा माणूस थेट मोबाइलवरच इंटरनेट शिकला. संगणक त्याने पाहिलाही नाही. आमच्या विद्यार्थ्याचे संकेतस्थळ घडविणाऱ्याने आपल्या टेबलावरील मोठ्या पडद्याकडे पाहून घडविले होते. त्यातील विषयांची यादी माऊसचा बाण वर नेला की उघडे. बोटास बाण नसतो. त्यामुळे मोबाइलवर ती यादी उघडतच नव्हती आणि हे दहा वर्षांत कोणीही त्या कुटुंबास सांगितले नव्हते.

दुसरी खूण वेगाची. पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गूगलचा दंडक आहे व चार सेकंदांहून अधिक लागले तर ते पान वाईट समजले जाते. समुद्राची भलीमोठी छायाचित्रे मुखपृष्ठावर टाकली की पान जड होते. पुष्कळदा केवळ छायाचित्रे हलकी केल्याने हा दोष जातो. तेव्हा ती कौलांची बाब. पण पानाचा सांगाडाच अवजड असेल तर मात्र वाशांना हात घालावा लागतो.

तिसरी खूण विश्वासाची. जुलै २०१८ पासून गूगलचा क्रोम हा ब्राउझर सुरक्षित जोडणी नसलेल्या प्रत्येक संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला. आगाऊ रक्कम पाठवू पाहणाऱ्या पाहुण्याने हा शेरा वाचल्यावर त्याने काय करावे? हा दोष बहुधा स्वस्तात दुरुस्त होतो. फ्लॅश नावाच्या साधनावर रचलेल्या संकेतस्थळांची गोष्ट मात्र वेगळी. हलती चित्रे दाखविणारे ते साधन त्याच्या निर्मात्यांनीच ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केले. त्यावर ज्यांचे सर्वस्व रचलेले होते त्यांच्या पडद्यावर नुसता रिकामा चौकोन उरला. तेथे डागडुजीस वावच नव्हता.

चौथी खूण आम्हां मराठी माणसांची खास आहे. युनिकोड या जागतिक लिपिव्यवस्थेत देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तथापि कितीतरी वर्षे आपली मराठी संकेतस्थळे ज्याच्या त्याच्या खाजगी टंकात लिहिली जात. तो टंक वाचणाऱ्याजवळ नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडे आणि शोधयंत्रास तर ते मराठी आहे हेही कळत नसे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये युनिकोडात सुरू झाला, वृत्तपत्रेही हळूहळू त्या वाटेने आली. पण एखाद्या जुन्या मंडळाचे किंवा देवस्थानाचे संकेतस्थळ अद्याप त्या जुन्या टंकात असेल, किंवा मराठी मजकुराचे नुसते छायाचित्र डकवलेले असेल, तर ती अक्षरे असून नसल्यासारखी होत. परप्रांतात वाढलेली आपली नातवंडे आडनाव, गाव, कुलदैवत शोधतात तेव्हा त्यांच्या हाती काय लागावे, याचा विचार मंडळांच्या चालकांनी करावा.

पाचवी आणि आमच्या मते सर्वांत मोठी खूण म्हणजे पानावरचा धंदा आणि अंगणातला धंदा यांची फारकत. २०१४ साली त्या खोल्यांत महिना-महिना राहणारे परदेशी पाहुणे येत. संकेतस्थळ त्यांच्यासाठी लिहिलेले होते. करोनाच्या साथीनंतर परदेशी चार्टर विमाने पूर्वीइतकी राहिली नाहीत. आता येतात ती बहुतांशी पुण्या-बेंगळुरूकडची कुटुंबे, शुक्रवार-शनिवारी, आजी-आजोबांसह. त्यांना योगवर्गाची जाहिरात नको आहे. जिना आहे की नाही हे हवे आहे. येथे विषयच सुटला होता. शुद्धलेखन सुधारून हा निबंध उत्तीर्ण होणार नव्हता.

तेव्हा आमचा शेरा झाला, ‘पुन्हा लिहा’. पण हा शेरा मारण्यापूर्वी आणि मारल्यानंतरही काही धोके विसरता कामा नयेत. मालकास कंटाळा आला, हे बदलाचे कारण होऊ शकत नाही. मालक ते पान शंभरदा पाहतो, पाहुणा एकदा. शेजारच्या हॉटेलने नवे केले, हेही कारण नव्हे. इंग्लंडातील मार्क्स अँड स्पेन्सर या शंभराहून अधिक वर्षांच्या प्रतिष्ठित पेढीने सुमारे १५ कोटी पौंड खर्चून फेब्रुवारी २०१४ मध्ये आपले संकेतस्थळ संपूर्ण नवे केले. जुन्या ग्राहकांस नव्याने नोंदणी करावी लागली, ओळखीच्या जागा हरवल्या आणि त्यानंतरच्या तिमाहीत त्यांची इंटरनेटवरील विक्री ८ टक्क्यांनी घटली. सवयीची वाट मोडली की माणूस नव्या वाटेचे कौतुक करीत नाही, तो दुसरीकडे वळतो. आपल्याकडील उदाहरण प्राप्तिकर खात्याचे. त्यांचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी विवरणपत्रांच्या हंगामातच सुरू झाले. अडचणी इतक्या आल्या की, ते घडविणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांस अर्थमंत्र्यांनी २३ ऑगस्ट रोजी पाचारण केले व पुढे विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. नवे घर कितीही चांगले असो, पाहुणे पंगतीस बसलेले असताना छप्पर उतरवू नये.

गोव्यातील पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा. म्हणून त्या कुटुंबाने नव्या संकेतस्थळाचे काम येत्या जून ते ऑगस्टमध्ये करावयाचे ठरविले आहे; तोवर, जुन्या व्यावसायिकास एकदाचे शुल्क देऊन, फुटकी कौले तेवढी परतून घेतली. विमानतळ, दर व दूरध्वनी क्रमांक आज बरोबर आहेत. संकेतस्थळाचे नावही महिनाभराच्या पत्रव्यवहारानंतर मातोश्रींच्या नावे झाले. नव्या कामासाठी एका स्थानिक तरुणाशी बोलणे झाले असून पाने बावीसवरून सहा होतील. जुन्या पानांचे पत्ते मात्र पुसून टाकावयाचे नाहीत, असे त्याला बजावले आहे. घर बदलले की आपण पोस्टमनला नवा पत्ता देतो, जेणेकरून जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे वाट चुकत नाहीत. तशी सोय येथेही असते व ती न केल्यास दहा वर्षांत शोधयंत्रात कमावलेली जागा एका दिवसात जाते.

नवे पान तयार झाल्यावर ते पाच माणसांच्या हाती द्यावयाचे. याकोब नील्सन या अभ्यासकाने २००० साली असे दाखवून दिले की, पाच माणसांस वापरावयास दिले तरी बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. त्या पाचांत एक तरी साठीच्या पुढचा असावा. फिक्कट करड्या रंगाची बारीक अक्षरे ही आजची फॅशन. आमच्या चष्म्यास ती मानवत नाही, आणि ज्यांची दृष्टी अधू अथवा मुळीच नाही त्यांचे काय? २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ही जाणीव दिलीच होती. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संगणकीय सेवा सर्वांस वापरता येणे हा जीवनाच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे. सहा खोल्यांच्या मालकासही त्यातून घेण्यासारखे आहे. ज्या घराचा उंबरठा म्हाताऱ्यास ओलांडता येतो, तो सर्वांसच ओलांडता येतो.

हे सर्व करून त्या कुटुंबाचे दिवस पालटतीलच, अशी ग्वाही आम्ही दिलेली नाही. मध्यस्थ कंपन्यांची सावली एवढ्याने दूर होत नाही. समुद्र जवळ आहे हे कितीही चांगल्या अक्षरांत लिहिले तरी रस्त्यावरचे खड्डे बुजत नाहीत. परंतु एखादे कुटुंब दलालीविना थेट आले, तर पंधरवड्यातील तेवढी मिळकत घरात राहते. आणि ज्या घराने एकदा ट्रक गंजताना पाहिले आहे, त्या घरास तेवढ्याचे मोल कळते. त्या मातोश्रींनी प्रश्नांची वही पंधरा दिवसांनी बंद केली नाही, ही आम्हांस यातली सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते. विमानतळाविषयीचे प्रश्न आता कमी झाले असून स्वयंपाकघर वापरावयास मिळेल काय, हा नवा प्रश्न वाढला आहे, असे त्यांनी परवा कळविले.

बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकठिकाणी आमचे वाचक आपापले उद्योग सांभाळून आहेत. त्यांनी या महिन्यात एका रविवारी एवढेच करावे. आपले संकेतस्थळ स्वतःच्या नव्हे, शेजाऱ्याच्या मोबाइलवर उघडावे आणि ते शेजाऱ्याच्याच हाती द्यावे. पत्ता, दर व वेळ शोधून काढावयास त्यास सांगावे आणि आपण गप्प बसावे. तो कोठे अडतो, ते कागदावर टिपावे. अडचण शब्दांची असेल तर शब्द बदलावे. शब्द बदलण्याचा अधिकारच आपल्या हाती नसेल, किंवा वाचून तो शेजारी भलत्याच धंद्याचे वर्णन करू लागला, तर सुतारास बोलावण्याची वेळ आली असे समजावे. आणि सुतार आला की पैशांची बोलणी करण्यापूर्वी त्याच्या हाती तो कागद ठेवावा.